रागावून नव्हे, राहायला

६ सप्टेंबर

प्रिय बारके,

हे पत्र हॉलमध्ये बसून वाचू नकोस. चष्मा घे, मागच्या खोलीत जा, दार लाव आणि मग उघड. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा डावा कान गेल्यापासून तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आपल्या दोघी बहिणींचं बोलणं तुझा मुलगा, सून, कामाला येणारी बाई असे सगळे मिळून ऐकतात. म्हणून कागद.

मी घर बघितलंय. भाड्याचं आहे, पण माझ्या एकटीसाठी.

आता लगेच छातीला हात लावू नकोस. लेकाने मला हाकललेलं नाही आणि सुनेशी भांडणही झालेलं नाही. झालं ते असं. आम्ही जेवत होतो. लेक म्हणाला, "आई, मीठ दे. आणि हो, पुढच्या महिन्याचं तुझं परतीचं तिकीट बघतोय." मीठ आणि तिकीट, दोन्ही एकाच दमात. म्हटलं, "मी कुठे म्हटलं मला परत जायचंय?" तर म्हणतो, "अगं, मुली आता मोठ्या झाल्या, एकट्या शाळेत जातात. तू इथे दिवसभर काय करणार? शिवाय माझं ऑफिसचं काम आता घरूनच आहे, मला खोली लागेल. तिकडे मावशीकडे तुझी छान सोय होईल."

सोय. बारके, तीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टरकी केली. गर्दीत लटकलेल्या माणसालासुद्धा मी "कुठे उतरणार?" असं विचारूनच तिकीट फाडलं. आणि माझ्याच पोटचा पोरगा मला न विचारता माझा स्टॉप ठरवतो! नाती लहान होत्या तेव्हा "आई, ये" म्हणाला, मी तिकडची जागा सोडून या परदेशात आले. आता "आई, जा." मी काय छत्री आहे? पाऊस संपला की कोपऱ्यात?

आणि दिवसभर काय करणार म्हणतो, पण मला काम आहे, तो ते कामात धरत नाही एवढंच. तुला सांगितलं नव्हतं. नातींना पोहायला घेऊन जायचे त्या तलावावर. बाहेरच्या दालनात पोरं नुसता गोंधळ घालायची. एक दिवस मला राहवलं नाही, उठले आणि म्हटलं, "चला, चला, आत सरका, दार अडवू नका!" मराठीतच. बारके, सगळी पोरं रांगेत! तलावाची मॅनेजर बाई काचेतून बघत होती. पुढे त्यांची कपडे ठेवायच्या कपाटांच्या किल्ल्या देणारी बाई निवृत्त झाली, तेव्हा तिने मलाच विचारलं. उन्हाळ्यापासून मी तिथे आहे. किल्ल्या देते, ओले टॉवेल गोळा करते, पोरांना ओरडते.

घर तलावापासून चालत जाण्यासारखं आहे. तिसरा मजला. फक्त लेकाची सही व्हायची आहे. कळवते.

तुझी,
आक्का

२५ सप्टेंबर

आक्का,

दार लावून वाचलं. वाचल्यावर उघडायला विसरले, तर सुनेला वाटलं मला चक्कर आली.

अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या वयात, परक्या देशात, तिसऱ्या मजल्यावर एकटी! उद्या ताप आला तर पाणी कोण देणार? आणि लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर. सासरची माणसं म्हणतील, मुलाने आईला बाहेर काढलं. त्या बिचाऱ्याच्या तोंडाला काळं फासल्यासारखं होईल. तो तुझा मुलगा आहे, शेजारी नव्हे. चुकून बोलला असेल. तूही काही कमी तिखट नाहीस.

आणि ते किल्ल्या-टॉवेलचं काम! पेन्शन घेणारी बाई तू.

इकडे ये. तुझे भाऊजी गेल्यापासून मागची खोली अर्धी रिकामीच आहे. खिडकीजवळची कॉट तुझी. निळे पडदे शिवून लावलेत, तुला उजेडाने लवकर जाग येते म्हणून जाड कापडाचे. तुझ्या कपड्यांसाठी कपाटाचा वरचा कप्पा केव्हाचा मोकळा करून ठेवलाय. दोघी राहू. दुपारचा चहा एकत्र घेऊ. आणखी काय हवं असतं माणसाला?

सही करू देऊ नकोस. माझी शपथ आहे.

तुझी,
बारकी

१४ ऑक्टोबर

प्रिय बारके,

शपथ पोचली, पण उशिरा. हे पत्र मी माझ्या घरातून लिहितेय.

सही लेकाने केली नाही. इथे भाड्याने घर घ्यायचं तर ओळखीचं माणूस जामीन लागतं. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बोटाने परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मी सही करणार नाही. बघू या, किती ताणतेस." म्हटलं, "बाळा, तू अजून माझं ताणणं बघितलेलंच नाहीस." दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मॅनेजर बाईकडे गेले. तिची भाषा मला अर्धी येते, माझी तिला अजिबात येत नाही. तिने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पेन काढलं. घरमालकाने तिला विचारलं, "ही बाई तुमची कोण?" ती म्हणाली, "ही आली तेव्हापासून आमच्याकडे एकही मूल फरशीवर धावलेलं नाही." म्हातारा हसला आणि किल्ली दिली.

घर लहान आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि न्हाणीघर इतकं अरुंद की साबण पडला तर बाहेर येऊन वाकावं लागतं. आधीच्या भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकून ठेवलेत. काय टांगायचं ते सुचेपर्यंत पिशव्या टांगल्यात. स्वयंपाकघराची खिडकी बसथांब्यावर उघडते. इथल्या बसला कंडक्टरच नसतो. माणसं मशीनला कार्ड टेकवतात आणि तोंड मिटून बसतात. कुणी कुणाला "पुढे सरका" म्हणत नाही. बघून जीव तुटतो.

सामान आणलं त्या दिवशी लेक घरातून बाहेर पडला नाही. नातींनी एकेक उशी काखेत घेतली आणि मिरवणुकीसारख्या पुढे चालल्या. सून गाडी घेऊन आली. खाली उतरवताना तिने डिकीतून एक पेटी काढली. आत कुकर, कढई, दोन पातेली, तिच्या रोजच्या वापरातली. म्हणाली, "आई, तुम्ही चुकताय असं मला वाटत नाही. पण त्यांच्यासमोर मी हे बोलणार नाही." म्हटलं, "नको बोलूस. कुकर बोलला, तेवढं बस."

आता तुझं. बारके, मी तुझं पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यात कंडक्टर जागा झाला. पडदे शिवून झाले, कप्पा केव्हाचा मोकळा झाला. तिकिटाचं मला कळलं ऑगस्टच्या शेवटी. तुला त्याआधी कसं कळलं? म्हणून काल लेकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आई, सगळे मलाच बोलतायत. पण तुला तिकडे पाठवायची कल्पना माझी नव्हतीच. मावशीनेच मला सुचवलं."

मी जेवणाच्या टेबलावर ज्याला बोलले तो नुसता ड्रायव्हर होता. घंटी तू वाजवलीस. मला का सांगितलं नाहीस?

आक्का

२ नोव्हेंबर

आक्का,

हो. मीच सांगितलं. त्यात माझं काय चुकलं?

मे महिन्यात भाच्याचा फोन आला होता. घरात कुणी नव्हतं, म्हणून मोकळेपणाने बोलले. म्हटलं, "मुली मोठ्या झाल्या ना आता? मग आक्काला पाठव माझ्याकडे." पुन्हा विचारलंस तर पुन्हा हेच सांगेन.

तुला वाटतं भांडायचा हक्क फक्त तुझा. मग माझंही ऐक. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू ड्युटीवर होतीस. आलीस की गणवेशातच तिच्या उशाशी बसायचीस, तिला बसमधल्या गमती सांगून हसवायचीस आणि निघून जायचीस. आई म्हणायची, "आक्का आली की घर भरतं." तिची कूस बदलणारी मी होते, माझ्याने काही घर भरत नव्हतं वाटतं. मी कधी बोलले नाही. मग तू परदेशी गेलीस. तेव्हाही बोलले नाही, डबे भरून दिले. मग तुझे भाऊजी गेले. तू फोनवर रडलीस. स्पीकरवर. सगळ्यांनी ऐकलं, मला धड ऐकूही आलं नाही.

इथे माझी आबाळ नाही. मुलगा चांगला आहे, सून उलट शब्द बोलत नाही. पण ती दोघं सकाळी जातात ती अंधार पडल्यावर येतात. दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं? दाराची घंटी. तीसुद्धा मला नीट ऐकू येत नाही. आल्यावर दोघं दमलेली असतात, माझ्याशी मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून बोलतच नाहीत. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलंय, जुना टीव्ही आलाय, मुलाची जुनी सायकल आलीय. मीही त्यातलीच एक वस्तू, फरक इतकाच की मी जेवते.

मला तू हवी होतीस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं. झालं समाधान?

निळे पडदे काढून टाकलेत.

बारकी

१० डिसेंबर

प्रिय बारके,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचं उत्तर एवढ्याशा कागदावर मावणार नाही, सवडीने लिहीन.

इकडे सगळं छान. थंडी आहे. काम चालू आहे. पेन नीट चालत नाही, म्हणून आज एवढंच.

पडदे पुन्हा लाव. तुलाही सकाळी उजेडाचा त्रास होतो, मला माहीत आहे.

आक्का

२८ डिसेंबर

आक्का,

पेन चालत नाही म्हणे! लहानपणी मास्तरांनी तुझ्या उजव्या बोटांवर छडी मारली होती, तेव्हा आठवडाभर तू पाटीवर असंच लिहायचीस. प्रत्येक काना दारू प्यायल्यासारखा तिरका. पत्र हातात घेतलं आणि मला कळलं, हिने डाव्या हाताने लिहिलंय.

मी भाच्याला फोन लावला. रविवार होता, सगळे जेवायला बसलेले. स्पीकर चालू. असू दे म्हटलं.

तो म्हणाला, "मावशी, बरं झालं तूच फोन केलास. आईचं मनगट मोडलंय. तलावाबाहेर बर्फावर घसरली. प्लास्टर घातलंय. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही, मुली सांगतात, दातांनी पिशवीची गाठ सोडते पण कुणाला हाक मारत नाही. आता तरी तू तिला सांग. तुझं ऐकेल ती. मी उद्याच्या उद्या तिकीट काढतो, तू खोली तयार ठेव."

आक्का, खोटं कशाला बोलू? मला हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर आलं होतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. तू आली असतीस. हात मोडलेली, हरलेली, चिडलेली, पण आली असतीस. दुपारच्या चहाला.

तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "नाही."

"काय नाही?"

"तिकीट काढायचं नाही. तिचं घर कुठे आहे ते माहीत आहे ना तुला? की अजून पायरी चढला नाहीस?"

"नाही चढलो."

"मग जा. तिला वेणी घालता येत नसेल, घालून दे. पिशव्या वर नेऊन दे. आणि परत चल हा शब्द काढायचा नाही."

"मावशी, तूच तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. तेव्हा मला माझं दिसत होतं. आता तिचंही दिसतंय. आणि ती एकटी राहणार नाही, मी येतेय. मला बोलावण्याचे जे काही कागद लागतात ते तू पाठव."

इकडे माझ्या मुलाच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाला, "आई, तू? विमानतळावर तुला घोषणा तरी ऐकू येणार आहेत का?"

म्हटलं, "एका कानाने येतात. आणि नाहीच आल्या तर सगळे उठतील तेव्हा मीही उठेन."

सून उठली आणि मला वाटलं ही रागावली. ती आतून माझा पासपोर्ट घेऊन आली. तुझ्या भाऊजींबरोबर फिरायला जायचं म्हणून काढलेला, कोरा. ताटाशेजारी ठेवला आणि मला भाजी वाढली.

मला राग अजून आहे तुझा. तो घेऊन येतेय.

बारकी

१५ जानेवारी

प्रिय बारके,

हेही डाव्या हातानेच, पण आता बरं जमतंय.

आधी एक स्पष्ट सांगते. माझी सेवा करायला येणार असशील तर येऊ नकोस. तू आईची केलीस, भाऊजींची केलीस, तेवढी पुरे. मनगट माझं आहे, ते त्याच्या वेळेने बरं होईल. पाहुणी म्हणून ये, भांडायला ये. आईच्या आजारपणाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी हसवून निघून जायचे, कारण मला तिच्याकडे बघवत नसे. तू बघत राहिलीस. हे मी फोनवर कधीच बोलले नसते, तुझ्या त्या स्पीकरवर तर मुळीच नाही.

लेक आला होता. दारात उभा राहिला, जणू घर चुकलाय. म्हणाला, "मावशीने वेणी घालायला सांगितलंय." मला हसावं की रडावं कळेना. माझ्या मागे खुर्ची ओढून बसला. बारके, दोन मुलींचा बाप, पण वेणीचे पेड कसे घालतात ठाऊक नाही. केस ओढून ओढून डोळ्यांत पाणी आणलं. मग म्हणाला, "आई, मला वाटलं, तू माझ्यावर रागावून गेलीस. चार दिवसांत येशील."

म्हटलं, "रागावून गेले असते तर आलेही असते. मी राहायला आलेय इथे."

पेड सोडून पुन्हा घालायला लागला. म्हणाला, "माझ्या घरी तू राहत नव्हतीस का?" म्हटलं, "होते की. तुझ्या घरी, तुझ्या वेळापत्रकावर. आता तू माझ्या घरी येत जा. चहा मिळेल. येताना फोन करायचा, मी कामावर असते."

त्याला ते लागलं. लागू दे. जाताना म्हणाला, "वेणी वाकडी झालीय." मी ती तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी तलावावर गेले. एका हाताने किल्ल्या देता येतात. मॅनेजर बाई सुट्टी घे म्हणत होती. म्हटलं, मोडलाय तो हात आहे, आवाज नाही.

लेकाने बोलावण्याचे कागद पाठवलेत. गरम कपडे घेऊन ये. पलंग एकच आहे. भिंतीकडे कोण झोपणार ते आल्यावर ठरवू, पण भिंतीकडे मीच झोपणार.

आक्का

२० मार्च

चि. बाळास,

तुझा निरोप मिळाला. मावशीच्या मोबाइलवर येतो, पण मला त्यावर टाइप करता येत नाही, म्हणून पत्र. तू विचारलंयस, "आई, आक्कामावशीचा हात बरा झाला ना? मग तुझ्या परतीची तारीख काय धरू?"

हात बरा झाला. तारीख धरू नकोस. माझी मी ठरवेन आणि कळवेन. इथे राहायची जेवढी मुदत मिळालीय, त्यातला एक दिवससुद्धा मी सोडणार नाही.

काळजी करण्यासारखं काही नाही. आक्का कामावर गेली की मी बाहेर पडते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी बोटाने दाखवते, तो मोठ्याने नाव सांगतो, मी चुकीचं म्हणते, तो पुन्हा सांगतो. न कंटाळता. इथे मला भाषाच येत नाही, त्यामुळे मी बहिरी आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. परवा बसमधून एकटीच शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. आक्का ओरडली. मग विचारायला लागली, गर्दी होती का, ड्रायव्हर कसा होता, ब्रेक कसे मारत होता.

आम्ही भांडतो. रोज. आईच्या आजारपणावरून भांडून झालं, माझ्या लग्नात तिने कुठली साडी नेसली होती त्यावरून झालं, तुझ्या बाबांवरून झालं. तेव्हा मात्र दोघीही रडलो. भाचा रविवारी येतो. येण्याआधी फोन करतो. गेल्या वेळी त्याने दोघींच्या मधे बसून अर्धा तास आमचं ऐकलं आणि म्हणाला, "मी घरी जाऊन जरा शांत बसतो."

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या घरी माझं काही वाईट नव्हतं. तू मला औषध वेळेवर द्यायचास, पण गप्पा राहून जायच्या. मी परत येईन तेव्हा माझ्या उजव्या बाजूला बसत जा आणि बोलत जा. काहीही बोल, ऑफिसातलं बोल. दमला असलास तरी. हे मी मागून घेतेय, विनंती नाही करत. तुझ्या बायकोला सांग, पासपोर्ट तिने आणून ठेवला ते मी विसरलेले नाही.

आता थांबते. खालच्या मजल्यावरच्या बाई आत्ताच वर येऊन गेल्या. आमच्या बोलण्याचा आवाज फार होतो अशी त्यांची तक्रार आहे. आक्का म्हणतेय, "बारके, तक्रार घरमालकापर्यंत जाईल, जरा हळू बोलत जा."

मी तिला सांगितलं, दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळी गप्प बसेन, तेवढी माणुसकी आहे मला. पण संध्याकाळी नाही. आयुष्यभर मी इतकं हळू बोलले की माझं मलाच ऐकू आलं नाही. आता खालच्या बाईंना येतंय, तर येऊ दे.

तुझी,
आई